खुरावरचा भार

'नालासाठी घोडा' ही म्हण आपण सर्वांनी शाळेत पाठ केलेली असते. रस्त्यात नाल सापडला म्हणून घोडा विकत घ्यायला निघालेल्या शहाण्याला हसण्यासाठी ती वापरतात. म्हण चांगलीच आहे. पण घोड्याच्या आयुष्यात एखादी वेळ अशी येते की त्या जनावराने पुढे जगावे की नाही हेच मुळी नालावर ठरते, आणि तेव्हा या म्हणीतला विनोद पार ओसरतो. निरोगी खुराला मारलेला नाल म्हणजे नुसती चप्पल. दुखऱ्या खुराला बसवलेला नाल ही मात्र अगदी वेगळी वस्तू असते. या दुसऱ्या नालाविषयी मला लिहायचे आहे.

आधी शब्दाविषयी थोडे. 'नाल' अरबी भाषेतून आला. मूळ अर्थ पादत्राण. त्याला फारसी 'बंद' जोडून 'नालबंद' झाला. मराठेशाहीत शिलेदाराला चाकरीत घेताना जी आगाऊ रक्कम देत तिला 'नालबंदी' म्हणत. म्हणजे स्वाराच्या पगाराआधी घोड्याच्या पायाची सोय! आमच्या याच अंकाच्या कन्नड विभागातले मित्र नालाला 'लाळ' म्हणतात. मराठी माणूस 'कुदुरे लाळ' हे शब्द प्रथम ऐकतो तेव्हा घोड्याच्या तोंडाकडे पाहतो आणि कन्नड माणूस त्याच्या पायाकडे. सीमाभागात राहण्याचे हे फायदे आहेत. असो.

घोड्याचा पाय ही प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याला तासन्‌तास विचार करायला लावणारी चीज आहे. घोडा तळव्यावर चालत नाही; तो बोटाच्या टोकावर चालतो. त्याच्या पुढच्या पायाचा ज्याला आपण गुडघा म्हणतो ते खरे पाहता त्याचे मनगट. तिथून खाली एकच बोट उरले आहे, आपल्या मधल्या बोटाच्या जागेचे, आणि खूर म्हणजे त्या बोटाचे नख. साडेतीनशे किलोंची घोडी उभी असते तेव्हा सुमारे साठ टक्के भार पुढच्या दोन पायांवर असतो. म्हणजे प्रत्येक पुढच्या पायावर शंभर किलोंहून अधिक, तोही एका नखावर. धावताना तर तो कित्येक पटींनी वाढतो.

खूर उलटा करून पाहिला तर बाहेरून कठीण भिंत दिसते, तिच्या आत किंचित खोलगट तळवा, आणि मागून पुढे निमुळता होत गेलेला रबरासारखा त्रिकोण. या त्रिकोणाला पुतळी म्हणतात. भिंत आणि तळवा जिथे मिळतात तिथे एक फिकट रेघ असते. नालबंदाच्या दृष्टीने ही रेघ म्हणजे लक्ष्मणरेषा. खिळा रेघेच्या बाहेर राहिला तर घोड्याला काहीच कळत नाही, कारण भिंत नखासारखीच मृत असते. रेघेच्या आत गेला तर तो जिवंत मांसात शिरतो.

परंतु खरी नवलाची गोष्ट आत आहे. बोटाचे शेवटचे हाड खुराच्या तळव्यावर उभे आहे असे आपल्याला वाटते. तसे नाही. ते भिंतीला आतून टांगलेले आहे. भिंतीच्या आतल्या बाजूला पुस्तकाच्या पानांसारखे साडेपाचशे ते सहाशे उभे पातळ पदर असतात, त्या प्रत्येकावर पुन्हा शंभर-दीडशे सूक्ष्म पदर. हाडाच्या बाजूनेही तसेच पदर येतात आणि दोन वह्यांची पाने एकमेकींत सरकवावीत तसे ते गुंततात. एका खुरात या गुंतलेल्या पदरांचे क्षेत्रफळ सुमारे पाऊण चौरस मीटर भरते. सगळा घोडा या पदरांवर लटकतो, असे म्हटले तरी चालेल. दुसरीकडे, वरच्या भागातल्या स्नायूंपासून निघालेली एक जाड कंडरा पायाच्या मागून उतरून याच हाडाच्या खालच्या बाजूला चिकटलेली असते. आपल्या टाचेमागे हात लावला की ताठ दोरी लागते तशीच ही दोरी. ती हाडाला सतत मागे ओढत असते. पदर पुढून धरून ठेवतात, दोरी मागून ओढते. दोन्हींचा तोल राहतो तोवर घोडा चालतो.

भिंत महिन्याला साधारण आठ ते दहा मिलिमीटर वाढते. वरच्या केसांच्या कडेशी तयार झालेले खूर पुढच्या बाजूने जमिनीला पोचायला नऊ महिने ते एक वर्ष लागते. टाचेची उंची कमी, म्हणून तिथे चार-पाच महिने पुरतात. मोकळ्या रानात वाढ आणि झीज यांचा हिशेब आपोआप जुळतो. डांबरी रस्त्यावर जुळत नाही, म्हणून लोखंड आले. ग्रीक सेनानी झेनोफन याने ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात घोडेस्वारीवर पुस्तक लिहिले. त्यात घोडा घेताना प्रथम पाय पाहा असे सांगितले आहे आणि खूर टणक होण्यासाठी तबेल्याबाहेर गोल दगड पसरण्याचा सल्ला आहे. खिळ्यांच्या नालाचा मात्र उल्लेख नाही, कारण ती युक्ती रूढ झाली ती कित्येक शतकांनंतर.

नाल बसवणे म्हणजे खिळे ठोकणे, असा आपला सर्वसाधारण समज. नालबंदाच्या दुकानी एक सकाळ बसले की तो जातो. निम्म्याहून अधिक वेळ तो लोखंडाला हातच लावत नाही. जुना नाल काढल्यावर तो आधी जुन्या नालाकडेच पाहतो. कोणती बाजू जास्त झिजली? टाचेकडच्या टोकांवर वरून चकाकी आली आहे का? ही चकाकी मला फार उद्बोधक वाटली. प्रत्येक पावलाला खूर टाचेकडे किंचित फाकतो आणि पाय उचलला की मिटतो; त्या घर्षणाने लोखंड गुळगुळीत होते. खिळे नेहमी खुराच्या पुढच्या भागात, सर्वात रुंद जागेच्या अलीकडेच का मारायचे, याचे उत्तर त्या चकाकीत आहे. टाचेला खिळले तर हे फाकणे बंद पडते. नंतर तो घोड्याला सपाट जागी उभा करून बाजूने पाहतो. खुराच्या पुढच्या भिंतीचा उतार आणि खुरावरच्या अरुंद भागाचा उतार एका सरळ रेषेत हवा. पुढचा भाग लांब वाढला आणि टाच दबली की ही रेषा मोडते आणि मागची दोरी उगीचच ताणली जाते. आपल्याकडच्या कामाच्या घोड्यांत हा दोष सर्रास आढळतो आणि त्याचे कारणही साधे आहे. नाल झिजला नाही म्हणून मालक तोच आणखी दोन महिने चालवतो. नाल झिजत नाही हे खरे, पण खूर वाढायचा थांबत नाही! पाच-सहा आठवड्यांनी नाल काढून खूर कापलाच पाहिजे, भले तोच नाल पुन्हा ठोका.

आता दुखऱ्या खुराकडे वळू. नालाने उपचार करण्याचे तत्त्व एकच आहे. दुखऱ्या जागेवरचा भार काढायचा आणि सोसू शकेल अशा जागेवर टाकायचा. भिंतीला उभी चीर पडली असेल तर चिरेखालची कड कापून तिचा नालाशी स्पर्शच तोडतात आणि चिरेच्या दोन्ही बाजूंना नालाचे कान वर वळवून भिंत धरून ठेवतात. तळवा सपाट असेल तर रुंद पट्टीचा, पण आतल्या बाजूने खोल केलेला नाल लावतात, म्हणजे तळव्याला लोखंड लागत नाही. टाच दुबळी असेल तर नालाची दोन्ही टोके मागे जोडून तो अंड्यासारखा बंद करतात. भार मागे पसरतो. अशा पंधरा-वीस तऱ्हा सांगता येतील. सगळ्यांत अवघड प्रकरण म्हणजे लॅमिनायटिस, आणि ते मी जवळून पाहिले, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहितो.

आमच्या गल्लीत वरातीसाठी घोडी ठेवणारे एक कुटुंब आहे. घोडी पांढरी, वय दहाच्या आसपास. लग्नसराई हाच त्यांचा हंगाम आणि ती घोडी हीच त्यांची शेतीवाडी. 2023 च्या मे महिन्यात एका लग्नघरी रात्री दावे सुटून ती कोठीच्या खोलीत शिरली आणि ज्वारीच्या पोत्यातून पोटभर खाल्ली. दुसऱ्या दिवशी ती बरी होती. तिसऱ्या दिवशी सकाळी ती जागची हलेना. पुढचे दोन्ही पाय लांब पुढे टाकून, मागच्या पायांवर रेलून उभी. खुरांना हात लावला तर गरम, आणि खुराच्या वर मागच्या बाजूला बोट ठेवले की नाडी ताडताड उडताना लागत होती. जमलेल्या मंडळींत नेहमीप्रमाणे वैद्य पुष्कळ. कोणी म्हणाले पाय आखडलेत, फिरवा म्हणजे मोकळे होतील. जनावरांचे डॉक्टर आले आणि त्यांनी पहिली गोष्ट केली ती फिरवणे थांबवण्याची.

ज्वारी खाल्ली पोटात आणि दुखणे आले पायात, हे कसे? घोड्याचे जठर लहान असते. एकदम फार पिष्ट पोटात गेले की ते न पचता मोठ्या आतड्यात उतरते, तिथले जिवाणू ते आंबवतात, आम्ल वाढते, आतड्याचे अस्तर बिघडते आणि विषारी द्रव्ये रक्तात जातात. त्यांचा घाव बसतो तो नेमका खुरातल्या त्या गुंतलेल्या पदरांवर. पदर सुजतात, पण खुराची भिंत तर कठीण, सुजेला फुगायला जागा नाही. पुढे पदर सुटू लागतात. धरणारे हात सुटले आणि दोरी तर मागून ओढतेच आहे; मग हाडाचे पुढचे टोक खाली वळते आणि तळव्याकडे येते. फारच झाले तर तळवा फोडून बाहेर पडते. आपले नख मुळापासून उचकटले आहे आणि त्याच नखावर शंभर किलो तोलायचे आहेत, अशी कल्पना केली म्हणजे ती घोडी तशी का उभी होती हे समजेल. हाच रोग रक्तातले इन्शुलिन वाढल्यानेही होतो. श्रीमंताघरच्या लठ्ठ, बसून खाणाऱ्या घोड्यांत तो तसा होतो आणि जगभर आज तेच कारण अधिक आढळते.

पैसा ओतून हा रोग बरा होतो असेही नाही. अमेरिकेतला बार्बारो हा घोडा 2006 च्या मे महिन्यात केंटकी डर्बी जिंकला आणि दोनच आठवड्यांनी, 20 मे रोजी, पुढच्या शर्यतीत त्याचा मागचा उजवा पाय मोडला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. मोडलेला पाय सुधारू लागला. पण त्या पायाला जपता जपता सगळा भार मागच्या डाव्या पायावर पडला आणि जुलैमध्ये त्या चांगल्या पायाला लॅमिनायटिस झाला. त्या खुराची बहुतेक भिंत कापून काढावी लागली. डॉक्टर, नालबंद, पैसा, कशाचीच कमतरता नव्हती. 29 जानेवारी 2007 रोजी त्याला वेदनांतून सोडवावे लागले.

आमच्या गल्लीतल्या काकांना डॉक्टरांनी ही शक्यता पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितली. सूज उतरण्याची औषधे सुरू झाली, दाणा पूर्ण बंद झाला. मासळी बाजारातून बर्फाच्या लाद्या आणून दोन दिवस दोन्ही खूर बर्फात ठेवले. नाल काढले. गोठ्यात वीतभर वाळू पसरली आणि खुरांच्या तळाशी थर्माकोलचे जाड तुकडे चिकटपट्टीने बांधले. घोडीने उभे राहिल्यावर थर्माकोल दबून खुराच्या तळाचा अचूक साचा तयार होतो आणि पुतळीला आधार मिळतो. या अवस्थेत नाल ठोकणे म्हणजे जखमेवर घाव घालणे. आधी आग विझली पाहिजे.

चार आठवड्यांनी क्ष-किरण चित्रे काढली. त्याआधी खुराच्या पुढच्या भिंतीवर डॉक्टरांनी एक तार चिकटवली होती, म्हणजे चित्रात भिंत आणि हाड यांच्यातला कोन नेमका मोजता येतो. निरोगी खुरात दोन्ही रेषा समांतर असतात. हिच्या डाव्या पायात आठ अंशांचा फरक पडला होता, उजव्यात थोडा कमी. तळव्याची जाडी पुरेशी होती, ही त्यातल्या त्यात आशेची बाजू. आता काम नालबंदाचे.

आमचे नालबंद चाचा सत्तरीचे आहेत. बैलांना पत्र्या मारणे हा त्यांचा मुख्य धंदा. घोडे आता थोडेच. ते चित्र त्यांनी उन्हाकडे धरून बराच वेळ पाहिले आणि मग डॉक्टरांना विचारले की यात पुतळीचे टोक कुठे येते? डॉक्टरांनी खुरावर खडूने खूण करून दाखवली. त्यांच्यात पुढे तासभर जे बोलणे झाले ते ऐकण्यासारखे होते. एकाला हाड दिसत होते, दुसऱ्याला खूर, आणि नाल मात्र दोघांना मिळून ठरवायचा होता. मला चाचा म्हणाले, "पहिले पाँव देखनेका, बाद में लोहा."

ठरलेला नाल हृदयाच्या आकाराचा. नेहमीच्या नालाची दोन्ही टोके मागे जोडायची आणि त्या जोडापासून एक जीभ पुढे काढायची, ती पुतळीखाली बसते. या जिभेने पुतळीला आधार दिला की वर लटकलेल्या हाडाला खालून टेकू मिळतो आणि सुटत चाललेल्या पदरांवरचा ताण कमी होतो. अमेरिकेत टेक्सासमधल्या बर्नी चॅपमन या नालबंदाने 1980 च्या सुमारास हा जुना नाल या रोगासाठी पुन्हा प्रचारात आणला. उद्यमबागेतल्या एका वेल्डिंगच्या दुकानात लोखंडी पट्टी कापून, खडूच्या नकाशाबरहुकूम दोन नाल तयार झाले. इथे एक सेंटिमीटरदेखील महत्त्वाचा असतो. जीभ पुतळीच्या टोकाच्या तेवढीच अलीकडे थांबली पाहिजे; पुढे गेली किंवा जास्त वर दाबली तर ती आधार देण्याऐवजी रक्तपुरवठा तोडते आणि असलेला खूर घालवते. म्हणून ठोकण्यापूर्वी चाचांनी नाल हाताने खुराला लावून जिभेवर अंगठ्याने दाब दिला आणि घोडीकडे पाहिले. पहिल्या वेळी तिने पाय ओढला. नाल पुन्हा ऐरणीवर गेला. असे तीनदा झाले.

पण नालाहून कानशीने अधिक काम केले असे माझे मत आहे. चाचांनी खुराचा पुढचा भाग समोरून इतका घासला की खूर आखूड दिसू लागला. पाऊल उचलताना खूर ज्या कडेवरून उलटतो ती कड जितकी पुढे, तितका दोरीचा ताण आणि तितकी पदरांची ओढाताण जास्त. ती कड मागे आणली. नालाचा पुढचा भागही त्याचप्रमाणे मागे बसवला. प्रत्येक पायाला खिळे फक्त चार, बारीक, आणि पुढच्या दुखऱ्या भागात एकही नाही. ठोकताना एका हाताने भिंत दाबून धरायची, म्हणजे हादरा हातात जिरतो. प्रत्येक घावानंतर चाचा घोडीच्या कानांकडे पाहत होते. कान मागे गेले की हातोडी थांबे.

दुसऱ्या दिवशी घोडी धावू लागली, असे काही झाले नाही. लोकांना चमत्कार हवा असतो आणि नाल हे औषध नव्हे. तो फक्त भाराची व्यवस्था लावतो. बरे व्हायचे ते खुराने स्वतः वाढून, महिन्याला आठ मिलिमीटर या बेताने. सुटलेली भिंत पुन्हा हाडाला चिकटत नाही. वरच्या कडेकडून नवी, हाडाशी समांतर अशी भिंत खाली उतरत येते आणि जुनी वाकडी भिंत हळूहळू जमिनीकडे ढकलली जाते. दर पाच आठवड्यांनी नाल निघाला, पुढचा भाग घासला, नाल पुन्हा बसला. सप्टेंबरमध्ये उजव्या खुरात पू झाला. डॉक्टरांनी तळव्यातून वाट करून दिली आणि पंधरा दिवस पाय रोज बांधावा लागला. त्या वर्षीची दिवाळीनंतरची सगळी लग्ने काकांनी भाड्याच्या घोड्यावर काढली आणि मिळकतीतला मोठा वाटा त्या घोड्याच्या मालकाला दिला. दोघांनी त्यांना घोडी विकून टाकायचा सल्ला दिला. काकू त्या दोघांशी अजून बोलत नाहीत.

2019 च्या पशुगणनेत देशात घोडे आणि तट्टे मिळून सुमारे 3 लाख 40 हजार भरली. 2012 मध्ये ती सव्वासहा लाखांच्या घरात होती. घोडे कमी झाले की नालबंद कमी होतात, हे ओघानेच आले. लष्करासाठी मेरठच्या रिमाउंट अँड व्हेटरनरी कोअरच्या केंद्रात नालबंद शिकवून तयार करतात. बाकी देशात हे ज्ञान बापाकडून मुलाकडे जाते. चाचांचा मुलगा मोटारींच्या टायरचे दुकान चालवतो. त्याचा यात दोष नाही, पण राहिलेल्या घोड्यांचे पाय पाहायचे कोणी, हा प्रश्न उरतोच. क्ष-किरणाचे यंत्र विकत मिळते. घोडीच्या कानांकडे पाहत ठोकणारा हात मिळत नाही.

लॅमिनायटिस होऊन गेलेल्या खुरावर आडव्या वळ्या दिसतात. त्या पुढे एकमेकींजवळ असतात आणि टाचेकडे फाकत जातात, कारण दुखण्याच्या काळात पुढची वाढ मंदावते आणि टाच मात्र वाढत राहते. आमच्या घोडीच्या खुरावर अशी एक खोल वळी होती, 2023 च्या मे महिन्याची. ती दर नालाला बोटभर खाली सरकलेली दिसे, आणि गल्लीतली मुले ती मोजायला येत. एप्रिल 2024 मध्ये ती जमिनीला पोचली. चाचांनी पक्कड लावून तेवढी कड कापली, कानस फिरवली आणि या वेळी जीभ नसलेला, साधा मागे जोडलेला नाल पिशवीतून काढला. नव्या चित्रात भिंत आणि हाड जवळजवळ समांतर आले आहेत. डॉक्टरांनी तिला मऊ जमिनीवर रोज वीस मिनिटे चालवायला सांगितले आहे. वरातीला न्यायचे की नाही ते पावसाळ्यानंतरचे चित्र पाहून ठरेल. ज्वारीची कोठी आता कुलपात असते.